सरळ काठाचं शीड

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार घातला असं समज. आता भांडायला घेऊ.

मी तुझा फोन उचलत नाही म्हणजे रुसले असं काही नाही. फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, आणि इथे बंदरावरच्या एका खोलीत आम्ही सहाजणी झोपतो. परवाचा तुझा आवाज बाकीच्या पाचजणींनीही ऐकला. त्यातली एक म्हणाली, तुमचे भाऊ चांगले असतील हो, पण लांबून. म्हणून आईचा जुना नियम परत सुरू करू या. बाबा पावाच्या भट्टीवर रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, तेव्हा आपल्याला तोंडाने भांडायची बंदी होती. जे काय असेल ते कागदावर, आणि आलेल्या कागदाला उत्तर दिल्याशिवाय ताट वाढायचं नाही. तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तरी उपाशी जास्त वेळा तूच राहायचास, कारण तुला उत्तर सुचायचं नाही.

तर मुद्दा. मी दाढ काढायला गेले होते हे खरं. तिथे ताटकळत बसवलं हेही खरं. समोर एक मासिक पडलं होतं, त्यात जगाला वळसा घालायच्या शर्यतीबद्दल आलं होतं. शिडाच्या बोटी, दहा-अकरा महिने, आणि अट अशी की कॅप्टन सोडून बोटीवरचे सगळे नवखेच हवेत. दादा, अनुभव नको असं कुणी लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. केला अर्ज. दाढ गेली आणि पदरात समुद्र पडला.

आता तुझं काम. आमच्या कॅप्टनबाई बुटक्या आहेत, पन्नाशीच्या आहेत आणि कुणाचं ऐकत नाहीत. त्यांचा एक नियम आहे. घरच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने ‘न्या’ म्हटल्याशिवाय त्या कुणालाच नेत नाहीत. मागे एकाला बायकोने अर्ध्या वाटेवरच्या बंदरातून परत बोलावून घेतलं आणि उरलेली शर्यत यांची बोट एक माणूस कमी घेऊन धावली, तेव्हापासूनचा हा नियम. माझ्या घरचं माणूस म्हणजे तू एकटा. एप्रिलअखेर त्या तुला विचारतील. तू नाही म्हणालास की मी परत दुकानात, पडद्यांना कड्या लावायला. हो म्हणालास तर मी बोटीवर. बघ बाबा काय ते.

धाकटी

१० फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. उत्तर सुचलं आहे. उत्तर ‘नाही’ असं आहे. आता जेवायला बसतो.

जेवून आलो. आणखी सुचलं.

तुला पोहता कधीपासून यायला लागलं? शेजारच्या औषधवाल्याकडून मला कळतंय की तू वर्षभर दर मंगळवारी तलावावर जात होतीस. मला सांगायचीस, पार्लरमध्ये केस धुवायला जाते. मी मनात म्हणायचो, केस धुवून हिला एवढी भूक कशी लागते. गावाला माहीत आणि घरात पत्ता नाही, अशी आपली तऱ्हा.

तुझं वय चव्वेचाळीस. वरची टाकी भरून वाहायला लागली की तू स्टुलावर चढून मला हाका मारतेस. आणि तू म्हणे महासागर ओलांडणार. हातात सुई धरणाऱ्याने सुई धरावी. इथे हॉटेलवाल्याची ऑर्डर उरावर आहे, सगळ्या खोल्यांचे पडदे, अस्तरासकट, आणि त्याने रंग दुसऱ्यांदा बदललाय. चुण्या घालणारं माणूस बंदरावर दोऱ्या ओढत बसलंय, तर मी पडद्याला चुण्या घालू की कपाळाला?

मी एकटा पडतो म्हणून नाही म्हणतोय असं मात्र डोक्यात आणू नकोस. उलट तू गेल्यापासून घर कसं शांत आहे. दोघांनी लग्नाच्या भानगडीत न पडण्याचा फायदा मला आत्ता कुठे कळतोय. निवांत झोप लागते.

तेव्हा उत्तर नाहीच आहे.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर वाचून मीही जेवून घेतलं. दोनदा वाढून घेतलं.

इथलं ऐक. बोटीवर दोरीला दोरी म्हणायचं नसतं. प्रत्येक दोरीला स्वतःचं नाव आहे, आणि चुकीच्या नावाने हाक मारली की ती दोरी ओढणारा माणूस भलतंच काहीतरी ओढतो. परवा माझ्या हाकेवरून अख्खं शीड धाडकन खाली आलं आणि आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक त्याखाली गेले. आतून आवाज आला की मी ठीक आहे, चालू द्या. माणूस शिस्तीचा.

बोट चालते ती तिरकी. एक बाजू वर, एक खाली, आणि आपण त्या उतरणीवर चहा करायचा. कप धरायचा की किटली की स्वतःला, हे आधी ठरवून घ्यावं लागतं. संडासाबद्दल मी पत्रात लिहिणार नाही, तू मोठा भाऊ आहेस. पहिले काही दिवस माझं पोट जरा हललं, आता ठीक आहे.

झोपायची सोयही चांगली आहे. बोटीवर बिछाने कमी, त्यामुळे माझा बिछाना एका गवंड्याबरोबर वाटून दिलाय. माणूस अगदी सभ्य. बिछाना आयता उबदार मिळतो, या थंडीत तेवढंच बरं.

आणि दादा, एक सांगू? परवा बंदर मागे दिसेनासं झालं, इंजिन बंद केलं, आणि शिडात वारा भरला. एकदम आवाजच गेला सगळा. मी कॅप्टनबाईंना विचारलं, आता काय करायचं. त्या म्हणाल्या, काही नाही, बसा. दुकानात मला ‘बस’ असं कोणी शेवटचं कधी म्हटलं होतं, मला आठवेना. मला फार आनंद झाला. तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

धाकटी

२५ फेब्रुवारी

धाकटे,

गवंडी कोण?

मी जुन्या वळणाचा आहे असं तू बाहेर सांगत असशील, पण मी तसा नाही. तुझ्या लग्नाला मी कधी आडवा आलो का? तूच चार जणांना नाकारलंस. त्यातला एक इंजिनिअर होता आणि त्याला स्वतःचं घर होतं. गवंडी असण्यालाही माझी हरकत नाही, उलट आपल्या स्वयंपाकघरातल्या फरशा उखडल्यात, त्याने येऊन बघाव्यात. पण आधी घरी यायचं, चहा प्यायचा, चार शब्द बोलायचे, अशी काही रीत असते की नाही? थेट बिछाना?

औषधवाल्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. फक्त विचारलं की गवंडी लोक साधारण कसे असतात. तो म्हणाला, वेळेवर येत नाहीत.

समुद्र, शर्यत सगळं बाजूला राहू दे. आधी याचा खुलासा कर.

दादा

३ मार्च

दादा,

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. गवंडी इतका हसला की त्याच्या हातातून दोर सुटला. त्याला घरी दोन मुलं आणि एक बायको आहे, आणि तीही तुझ्यासारखीच त्याला नाही म्हणतेय.

अरे शहाण्या, तो कामावर असतो तेव्हा मी झोपते, मी कामावर असते तेव्हा तो झोपतो. बोट थांबत नाही, म्हणून अर्धी माणसं जागी आणि अर्धी आडवी. एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच बिछान्यात शिरायचं. आम्ही एकमेकांना फक्त जिन्यात भेटतो. तो वर चढत असतो, मी उतरत असते.

आता माझं काम कर. परवाच्या वाऱ्यात आमचं सरावाचं मोठं शीड फाटलं. इथे शिडं शिवणारा जो कारागीर आहे तो शिडीवरून पडून हात मोडून बसलाय, आणि नवीन शिडं शर्यतीच्या तोंडावर येणार. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, माझ्या दादाने शिवलेलं सोफ्याचं कव्हर पोरं नाचली तरी उसवत नाही, त्याच्याकडे पाठवा. कॅप्टनबाई जरा घुटमळल्या, पण दुसरा इलाजही नव्हता. ट्रकने येतंय. फाटलेलं शिव आणि पाठवून दे. नाक कापू नकोस माझं.

तू मला नाही म्हणतोस ना, मग मी तुझ्याकडे काम का पाठवतेय, असं विचारशील. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही म्हणून.

धाकटी

१५ मार्च

धाकटे,

तुझं शीड आलं. दुकानात मावेना. दारातून बाहेर काढून औषधवाल्याच्या पायरीपर्यंत पसरलं, तेव्हा कुठे त्याचा आकार कळला. त्याची गिऱ्हाइकं अर्धा दिवस पायातल्या चपला काढून येत-जात होती. एक आजी म्हणाल्या, एवढा मोठा पडदा कुणाच्या खिडकीचा.

फाटलेलं शिवायला फार वेळ लागला नाही. पण शिवताना मला जे दिसलं ते सांगतो आणि तू ते तुझ्या कॅप्टनबाईला नीट सांग. ज्याने हे शीड शिवलं त्याने तिला फसवलंय. हे कापड पट्ट्या जोडून केलंय आणि एकाही पट्टीचा काठ सरळ नाही. सगळे बाकदार. आपल्याकडे कालच आलेला शिकाऊसुद्धा असं कापत नाही. दोन बाकदार काठ एकमेकांना जोडले की कापड मध्ये फुगणार, झोळ येणार, हे कुणीही सांगेल. जमिनीवर पसरलं तर सपाट बसेना, मध्ये टेंगूळ.

मला बघवेना. हॉटेलवाल्याचं काम बाजूला ठेवलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि सगळ्या शिवणी उसवून सोफ्याच्या मशीनवर पुन्हा मारल्या. प्रत्येक काठ पट्टी लावून सरळ. कापड कापलेलं नाही, जास्तीचं आत दुमडून घेतलंय, आपल्या पद्धतीने. आता कसं इस्त्री केलेल्या चादरीसारखं बसतं. औषधवाला बघत उभा राहिला.

माझं उत्तर अजूनही नाहीच आहे. पण ते शीड वर चढेल तेव्हा जरा काठाकडे बघ, आणि बाकीच्यांनाही दाखव.

दादा

२३ मार्च

दादा,

तू हे मुद्दाम केलंस.

काल सहा बोटी सरावाला निघाल्या. आम्ही तुझं शीड चढवलं. पाच बोटी वाऱ्यावर पुढे गेल्या आणि आमची खेकड्यासारखी बाजूला सरकायला लागली. शीड भिंतीसारखं ताठ उभं, वारा त्यावर आपटून परत चाललेला. कॅप्टनबाईंनी सुकाणू फिरवून बघितलं, दोर ढिले केले, घट्ट केले, काही उपयोग नाही. शेजारून जाणाऱ्या बोटीवरच्या एकाने ओरडून विचारलं, आत कुणी आंघोळ करतंय का, पडदा लावलाय म्हणून विचारतो. सगळं बंदर हसलं. शेवटी इंजिन लावून परत आलो.

कॅप्टनबाई खाली उतरल्या, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “इतकी सरळ शिवण मी आजवर पाहिली नाही. आता हे घरी घेऊन जा.”

शिडाला पोट लागतं, दादा. ते काठ बाकदार असतात ते मुद्दाम. पट्ट्या जोडल्या की मध्ये फुगा येतो, त्या फुग्यात वारा धरला की बोट ओढली जाते. हे तुला समजलं नसेल असं मी कसं मानू? सोफ्याच्या उशीला गोलाई कशी आणायची हे मला तूच शिकवलंस. तुला मला अडवायचंच होतं तर तोंडाने नाही म्हणायचं होतंस, म्हणतच होतास, ते मी सोसलं असतं. सुईने कशाला अडवलंस?

मला आता इथे सगळे पडदेवाली म्हणतात. आणि मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते तुझं.

धाकटी

२८ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आल्या दिवशी उत्तर लिहिलं नाही आणि जेवलोही नाही.

तुला अडवायला मी काय वाटेल ते करीन. तुझी बॅग लपवीन. कॅप्टनबाईला तुझ्याबद्दल खोटंनाटं सांगीन. आजारी पडेन, त्याची तर तयारीही झाली होती, औषधवाल्याकडून लक्षणं विचारून घेतली होती. पण मुद्दाम वाईट शिवणार नाही. पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाचंसुद्धा मी कधी वाईट शिवलं नाही, तुझं शिवेन?

उशी फुगलेली हवी हे मला कळतं, कारण उशीत कापूस भरायचा असतो. शिडात वारा भरतात हे मला कसं कळणार? मी उभ्या जन्मात बोट बघितलेली नाही. मला एवढंच दिसलं की कापड वाकडं आहे, आणि माझी बहीण हे वाकडं कापड डोक्यावर लावून जगाच्या समोर जाणार, आणि लोक म्हणणार, हिच्या घरी शिवणाचं दुकान आहे म्हणे. ते मला सहन होईना. म्हणून सरळ केलं. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, पण गेलीसच तर नीटनेटकी जावीस, इतकंच.

आता मी केलेलं मीच निस्तरतो. रविवारच्या गाडीने तिकडे येतोय. हॉटेलचे पडदे अर्धे राहिलेत आणि तो आता वकिलाचं नाव घ्यायला लागलाय, तेव्हा तू इकडे ये आणि चुण्या घाल. कॅप्टनबाईने तुला सोडलं नाही तर मला कळव, मी तिच्याशी बोलतो.

पाणी मला आवडत नाही हे तुला माहीत आहे. तरी येतोय.

दादा

११ एप्रिल

धाकटे,

तू दुकानात आणि मी बंदरात, असं पत्र लिहायची वेळ येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला औषधवाल्याकडे पाठवलं असतं.

शीड झालं. इथे धक्क्यावर वरच्या मजल्यावर एक लांबलचक दालन आहे, त्याच्या लाकडी जमिनीवर शीड पसरतात आणि आपण गुडघ्यावर चालायचं. तो हात मोडलेला कारागीर खुर्ची टाकून बसला आणि मला बाक कसा धरायचा ते शिकवत राहिला. दुमडलेलं कापड सोडताना त्याने विचारलं, कापून का नाही टाकलंत. म्हटलं, आमच्याकडे कापत नाहीत. तो म्हणाला, वाचलात, नाहीतर नवीन घ्यावं लागलं असतं. आमची दोस्ती झाली. त्यालाही माझ्यासारखेच लोकांच्या खिडक्यांवरचे वाकडे पडदे बघवत नाहीत.

शीड पाण्यावर नेऊनच तपासतात म्हणे. कॅप्टनबाई म्हणाल्या, शिवणाऱ्याने बरोबर यायचं. मी गेलो. बंदराचं तोंड ओलांडलं आणि माझ्या पोटातलं होतं नव्हतं ते बाहेर आलं. बादली धरून बसलो होतो, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ही बादली तुमच्या बहिणीची. पहिले दोन आठवडे ती हिच्यापासून हलली नाही. दोनदा तिला घरी जा म्हणून सांगितलं. ती बादली मांडीत घेऊन सुकाणू धरायची, तोंड पुसायची आणि विचारायची, आता काय करू.

तू लिहिलं होतंस, पोट जरा हललं. खोटारडे.

मग शीड चढवलं. मी खालून बघत होतो. आधी नुसतं फडफडलं, आणि मग एकदम भरलं. कापडाने असा श्वास घेतलेला मी कधी बघितला नाही. बोट एका कुशीवर झाली आणि पळायला लागली. मी शिवलेल्या पडद्यांनी आजवर ऊनच अडवलं, धाकटे. माझ्या हातचं कापड काही ओढून नेईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला रडू आलं, ओकारीही आली, दोन्ही एका वेळेला.

परतताना कॅप्टनबाईंनी विचारलं, “नेऊ का तिला?”

मी म्हटलं, “न्या.”

झालं. म्हणून बसलो. आता मागे घेता येणार नाही, बाई फार कडक आहेत.

दादा

११ एप्रिल

दादा,

हॉटेलचे पडदे पूर्ण झाले. हॉटेलवाला येऊन बघून गेला, त्याला आता पहिला रंग बरा होता असं वाटतंय. मी त्याच्याकडे कॅप्टनबाईंसारखं बघितलं, तर गुपचूप घेऊन गेला.

पण मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितेय. तुझा बिछाना मला दुकानात सापडला, अस्तराच्या गठ्ठ्यांमागे. उशी, पांघरूण, तांब्या, सगळा संसार. औषधवाल्याला विचारलं तर म्हणाला, मी बंदरावर गेल्यापासून तू वर घरात झोपलेला नाहीस. आणि रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन खोकला नसताना खोकल्याचं औषध विचारतोस आणि तो शटर ओढेपर्यंत बसून राहतोस. त्याने शेवटी तुझ्यासाठी वेगळं स्टूल ठेवलंय.

तू लिहिलं होतंस, घर शांत आहे, निवांत झोप लागते. मी ते खरं धरून चालले, कारण मला ते खरं असायला हवं होतं.

काल पडद्यांची घाई संपली, दुकान बंद करून वर गेले, भात टाकला, जेवले, आणि लक्षात आलं की सकाळपासून गिऱ्हाइकं सोडून मी कुणाशी बोललेच नाही. एका दिवसात माझा जीव गुदमरला. तुला मी अकरा महिने यात ठेवणार होते. मीही शेवटी गठ्ठ्यांमागे येऊन झोपले. तिथे निदान रस्त्यावरची माणसं ऐकू येतात.

आज कॅप्टनबाईंना लिहिलं, माझं नाव काढा. मला वाईट वाटतंय, उगाच खोटं कशाला बोलू, पत्र टाकून आले तेव्हा पेटीत हात घालून परत काढता येईल का ते बघितलं. पण तुला असं सोडून जायचं आणि तिकडे वारा खात बसायचं, ते माझ्याने होणार नाही. शीड झालं असेल तर ये घरी. वर झोपू, दोघंही.

धाकटी

१५ एप्रिल

पडदेवाल्या भाऊ-बहिणीस,

एकाच घरातून मला दोन निरोप आले आहेत. भाऊ समोर उभं राहून न्या म्हणतात. बहीण पत्राने नेऊ नका म्हणते. माझा नियम मी पुन्हा वाचला. त्यात घरच्या माणसाला विचारायचं असं आहे. खलाशाला विचारायचं असं कुठेही नाही.

बाईंनी सोमवारी सकाळी धक्क्यावर हजर व्हावं. बादली घासून ठेवली आहे.

भावांनी घरी जाऊन खुशाल रडावं, पण इथलं काम संपल्यावर. कारागिराचा हात बरा होईपर्यंत शर्यतीची दोन शिडं त्यांनीच शिवायची आहेत.

कॅप्टन

७ जून

दादा,

उद्या तू धक्क्यावर येशील तेव्हा गर्दी असेल आणि बोलायला जमणार नाही, म्हणून हे पत्र कारागिराकडे ठेवतेय.

गवंड्याला बायकोने शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. बिछाना आता मुख्याध्यापकांबरोबर आहे, ते उठताना चादरीच्या घड्या घालून ठेवतात.

कॅप्टनबाईंनी तुला विचारलं, मी कधी विचारलंच नाही. सरळ नाही तर हो एवढंच मागत राहिले. आता विचारते. तुला करमेल का? तसं बघायला गेलं तर आता उशीर झालाय, पण तू खरं लिही. पहिल्या बंदरात पत्र मिळेल. शांत आहे, निवांत झोप लागते, असलं काही लिहिलंस तर बघ.

मला भीती वाटतेय. कॅप्टनबाईंना सांगितलं नाही, तुला सांगते.

धाकटी

१० जून

धाकटे,

तुम्ही निघालात तेव्हा मी धक्क्याच्या अगदी टोकाला होतो. तू हात हलवत होतीस ती भलत्याच माणसाला. एक टोपीवाला गृहस्थ होता, त्याने तुला परत हात हलवला आणि त्याचा गैरसमज झाला असणार. असू दे. शिडं चढली, सगळ्यात आधी तुमचं भरलं. कारागीर म्हणाला, बाक बरोबर आलाय. तुम्ही लहान होत गेलात आणि मग मला कुठली बोट तुझी ते ओळखता येईना. तरी उभा होतो.

तू खरं लिही म्हणालीस. मला करमत नाही. मला भीतीही वाटते, वाऱ्याने खिडकी आपटली की उठून बसतो. वर झोपायला लागलोय, पण झोप लागते असं म्हणणार नाही. तू विचारलंस म्हणून एकदा सांगितलं, पुन्हा पुन्हा विचारू नकोस.

आता माझं ऐक. औषधवाल्याने त्याच्या पोराचा पृथ्वीचा गोल दुकानात आणून ठेवला आणि तुमचा रस्ता मला दाखवला. मी बोट ठेवून फिरवत गेलो. तो म्हणाला, इथून निघाल्या, इकडून गेल्या, आणि फिरून परत इथेच. मी म्हटलं, म्हणजे जितकी पुढे जाईल तितकी घराकडेच येईल? तो म्हणाला, तसंच आहे.

मग मला सगळं कळलं. मी इतके महिने तुला मागे ओढत होतो आणि घराचा रस्ता पुढून आहे.

तेव्हा वाटेत कुठेही रेंगाळू नका. बंदरं बघत बसू नका, ती नंतर चित्रात बघता येतात. मुख्याध्यापकांना घड्या घालण्यात वेळ घालवू देऊ नकोस. बादली मांडीत घे, पण दोर सोडू नकोस. कॅप्टनबाईंना सांग, शिवण मी दुहेरी मारली आहे, शीड पूर्ण ताणा, घाबरू नका. पहिला नंबर आला पाहिजे. मला बक्षिसाचं काही नाही, आपल्याकडे ठेवायला जागाही नाही. पण जो पहिला येतो तो घरी सगळ्यांच्या आधी येतो.

दादा